दवण्याचा भाऊबंद आणि बी.एस्सी.ची प्रयोगशाळा

मध्य प्रदेशातील आमचा बालाघाट जिल्हा गोंदियाला लागून आहे. भूगोलाच्या पुस्तकात तो मँगनीजसाठी येतो; बैहरकडच्या जंगलपट्टीत मात्र त्याची जुनी ओळख हिवताप ही आहे. म्हणून औषध-संशोधनात जायचे तर रसायनशास्त्र कसे शिकावे, असे कोणी विचारले की मला हिवतापाच्याच औषधाचे उदाहरण आठवते.

क्लोरोक्विनला दाद न देणारे फाल्सिपॅरम जंतू भारतात प्रथम 1973 साली आसामात आढळले. त्याच सुमारास चीनमध्ये तू यूयू यांना आपल्या दवण्याच्या एका भाऊबंद वनस्पतीत आर्टेमिसिनिन सापडले होते. उकळून काढलेल्या अर्कातला गुण उष्णतेने जाई, म्हणून त्यांनी 35 अंशांच्या आसपास उकळणारे ईथर वापरले. पण हे द्रव्य ना पाण्यात नीट विरघळे, ना तेलात. मग सुई टोचायची कशी? रसायनशास्त्रज्ञांनी सोडियम बोरोहायड्राइडने त्यातील कार्बोनिल गटाचे क्षपण केले आणि अल्कोहोलच्या साह्याने तेथे एथिल गट जोडला. झाले तेलात विरघळणारे आर्टिईथर! भारतात ते लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने विकसित केले. या सर्व खटाटोपात रेणूतील पेरॉक्साइड बंध शाबूत राहिला, हे महत्त्वाचे. कारण रक्तद्रव्यातील लोहाशी गाठ पडताच तोच तुटतो आणि जंतूचा घात करतो.

यातले क्षपण, ईथर, विद्राव्यता हे सारे पदवीच्या पुस्तकात आहे. परीक्षेत मात्र आपण बाटलीतला पदार्थ हुंगतो, लॅसेनची कसोटी घेतो, द्रवणांक पाहतो आणि ‘हे काय आहे?’ एवढेच सांगतो. त्याने हाताला वळण लागते, हे मी नाकारीत नाही. परंतु औषध शोधणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो: ‘हे बदलले तर काय होईल?’

हा प्रश्न आता टाळता येणार नाही. 1970 च्या कायद्याने औषधाच्या रेणूला नव्हे, तो बनविण्याच्या पद्धतीला पेटंट मिळे. त्यामुळे परक्यांचा रेणू वेगळ्या वाटेने बनविण्यात आपले रसायनशास्त्रज्ञ तरबेज झाले. 2005 पासून रेणूलाच पेटंट मिळू लागले. आता नवा रेणू सुचावा लागतो.

त्यासाठी महागड्या यंत्रांची वाट पाहू नये, असे माझे मत आहे. अ‍ॅस्पिरिन तर आपण दरवर्षी बनवितोच. वजन आणि द्रवणांक वहीत लिहून मोकळे होण्याऐवजी शेजारी सॅलिसिलिक आम्ल ठेवून टीएलसीची पट्टी चालवावी. फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून जांभळा रंग येतो का पाहावे. मग विचारावे, अ‍ॅसिटिलऐवजी प्रोपिओनिल गट जोडला तर ताप उतरेल काय? याचे उत्तर रसायनाच्या वहीत मिळत नाही. त्यासाठी शेजारच्या प्राणिशास्त्र विभागाचे दार ठोठवावे लागते.