कोकणच्या पावसात विग जपताना

पेण-रोह्याहून केमोथेरपीसाठी परळच्या टाटा रुग्णालयात किंवा खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये जाणाऱ्या काहीजणी केस गळल्यावर खऱ्या केसांचा विग घेतात. या केसांना टाळूचे तेल मिळत नाही, त्यामुळे ते लवकर कोरडे पडतात आणि गुंततात. म्हणून रोज धुऊ नये. आठ-दहा वेळा वापरल्यावर एकदा पुरे.

धुण्याआधी रुंद दातांच्या फणीने टोकांकडून वर गुंता सोडवावा. कोमट पाणी, सल्फेट नसलेला शाम्पू, हात वरून खाली. चोळले की संपलेच! कंडिशनर फक्त लांबीला लावावा, कारण मुळाशी लागला तर विगच्या जाळीवर केस बांधणाऱ्या गाठी सैल होऊन केस निसटतात. खारेपाटातले किंवा बोअरवेलचे पाणी जड असेल, तर शेवटी विग साठवलेल्या पावसाच्या स्वच्छ पाण्यातून काढावा.

खरी कसोटी जून ते सप्टेंबरची. दमट हवेत जाळी आतून ओली राहते, वास येतो, बुरशी धरते. टॉवेलने टिपून, स्टँडवर ठेवून पंख्याखाली पूर्ण सुकवावा. उन्हात किंवा चुलीजवळ नको, रंग उतरतो. नंतर डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. आत सुती टोपी घातली तर घाम तीच शोषते, आणि ती रोज धुता येते. झोपताना विग काढावाच.

टाळूवर पुरळ किंवा जखम दिसली, तर विग बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.