आश्रयगृहांतील कुत्रीं-मांजरें

रस्त्यावर मोटारीखालीं सांपडलेला कुत्रा किंवा पावसांत भिजलेलें मांजराचें पिलूं एखाद्या आश्रयगृहांत पोंचविलें, म्हणजे आपलें कर्तव्य पुरें झालें अशी पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांची समजूत असते. पुढें काय होतें याविषयीं त्यांच्या मनांत एक ढोबळ चित्र असतें. दोन वेळचें अन्न, डोक्यावर छप्पर आणि जनावरांवर जीव लावणारीं चार माणसें, असें तें चित्र. तें खोटें नाहीं. पण फार अपुरें आहे. शंभर अनोळखी, दुबळीं व भेदरलेलीं जनावरें एका आवारांत आणून ठेवलीं कीं रोगाला आयतेंच कुरण मिळतें. त्या रोगाला रोजच्या रोज थोपवून धरणें हेंच आश्रयगृहाचें मुख्य काम होय. बाकीची सारी भूतदया या कामाच्या आधारावर उभी असते.

मुंबईला ही भूतदया नवी नाहीं. सन १८३२ च्या जून महिन्यांत सरकारनें मोकाट कुत्रीं मारण्याची मोहीम चालविली, तेव्हां कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशी समाजांत मोठा क्षोभ झाला व शहरांत दंगाही झाला. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८३४ त, सर जमशेटजी जिजीभाई आणि त्यांचे व्यापारी सहकारी यांच्या दानांतून भुलेश्वरचा पांजरपोळ उभा राहिला. १८७४ सालीं जनावरांवरील क्रूरता थांबविणारी मंडळी मुंबईंत स्थापन झाली. पुढील दशकांत सर दिनशा माणिकजी पेटीट यांच्या देणगीनें परळ येथें बाई सकरबाई यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय निघालें. पांजरपोळाची मूळ कल्पना जनावराला मरेपर्यंत सांभाळण्याची होती. आजच्या आश्रयगृहाची कल्पना निराळी आहे. आलेलें जनावर बरें करावें आणि शक्य तितक्या लवकर बाहेर पाठवावें, असा तिचा रोख आहे.

सकाळीं पहिलें काम पाहण्याचें असतें. झाडूला हात लावण्यापूर्वीं अनुभवी सेवक प्रत्येक खोलीसमोर क्षणभर उभा राहतो. रात्रीचें अन्न उरलें आहे काय, ओकारी किंवा जुलाब झाले आहेत काय, रोज दाराशीं धांवत येणारा कुत्रा आज कोपऱ्यांत कां बसला आहे, हें सर्व तो टिपून घेतो. एकदां खोली धुतली कीं हा पुरावा नाहींसा होतो. मुक्या जनावराला आपलें दुखणें सांगतां येत नाहीं. त्याची उष्टी थाळी व त्याची विष्ठा हींच त्याची कैफियत. मांजराच्या बाबतींत तर भरलेली थाळी ही धोक्याची सूचना समजावी. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलें, तर अंगांतील चरबी यकृतांत सांचून तें जिवावर बेतूं शकतें.

यानंतर स्वच्छता. तिचा क्रम ठरलेला असतो आणि तो मोडून चालत नाहीं. आधीं लहान पिलांच्या खोल्या, मग निरोगी मोठीं जनावरें, मग नव्यानें आलेलीं, आणि शेवटीं आजारी. उलट क्रमानें गेल्यास सेवकाच्या चपलांबरोबर व झाडूबरोबर रोगच फेरी मारूं लागतो. आजाऱ्यांच्या विभागांतील भांडीं, झाडू व पादत्राणें म्हणूनच निराळीं ठेवतात.

आश्रयगृहांत सर्वांत अधिक धास्ती असते ती पार्व्हो या रोगाची. १९७८ च्या सुमारास हा रोग जगभर एकाएकीं पसरला. त्यांत पिलांना रक्ताचे जुलाब व ओकाऱ्या होतात आणि उपचार न झाल्यास बहुतेक पिलें दगावतात. त्याचा विषाणु अत्यंत चिवट असून जमिनींत महिनेच्या महिने जिवंत राहतो. साबण किंवा फिनेल यांना तो दाद देत नाहीं. ब्लीचच्या द्रावणानें मात्र तो मरतो. साधारणपणें घरगुती ब्लीचचा एक भाग व पाण्याचे तीस-बत्तीस भाग असें मिश्रण दहा मिनिटें फरशीवर राहूं द्यावें लागतें. तेंही फरशी आधीं साबणानें घासून घेतल्यावर. कारण घाण शिल्लक असेल तर ब्लीचची शक्ति त्या घाणींतच खर्च होते. मांजरांच्या खोलींत फिनेल मुळींच वापरीत नाहींत. फिनेलमधील द्रव्यांचा निचरा करण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत फार थोडी असते. पुसलेल्या फरशीवरून चालून मांजर आपले पंजे चाटतें आणि तें विष पोटांत जातें. घरांत मांजर पाळणाऱ्यांनींही हें ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे. त्याच कारणानें तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधींही देऊं नये. एका गोळीनेंही त्याचा प्राण जाऊं शकतो.

नवें जनावर आलें कीं त्याला सुमारें दोन आठवडे इतरांपासून दूर ठेवतात. आणणाऱ्या माणसाला हें निष्ठुरपणाचें वाटतें. आधींच घाबरलेल्या पिलाला एकटें कां कोंडावें, असें तो विचारतो. परंतु पार्व्हो, डिस्टेंपर असे रोग अंगांत शिरल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत कित्येक दिवस जातात. वरवर निरोगी दिसणारें एक पिलूं थेट इतर पिलांत सोडलें, तर सारा घोळका आठवड्याभरांत नाहींसा होऊं शकतो. लस लगेच टोंचतात, पण एका लसीनें भागत नाहीं. आईच्या दुधांतून मिळालेलें संरक्षण कोंवळ्या वयांत लसीचा प्रभाव पडूं देत नाहीं, आणि तें संरक्षण केव्हां संपेल हें प्रत्येक पिलाच्या बाबतींत निराळें असतें. म्हणून निदान सोळा आठवड्यांचें वय होईपर्यंत दर दोन-चार आठवड्यांनीं लस पुन्हां द्यावी लागते.

जेवणाच्या बाबतींतही नुसती माया उपयोगी पडत नाहीं. हाडांचा सांपळा झालेला कुत्रा पाहिला कीं त्याला पोटभर खाऊं घालावें असें कोणालाही वाटेल; तथापि दीर्घ उपवासानंतर एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तांतील क्षारांचा तोल बिघडून मृत्यु येण्याचा संभव असतो. अशा कुत्र्याला दिवसांतून अनेक वेळां थोडथोडें खाणें देऊन हळूहळू प्रमाण वाढवितात. भात व मांसाचा रस हें आपल्याकडील नेहमींचें अन्न; मात्र त्यांत कांदा-लसूण नसावा, कारण त्यानें कुत्र्या-मांजरांच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. मांजराला दूध-पोळी घालण्याची आपल्या घरांतील रीत फार जुनी आहे. पण मांजर हें केवळ मांसावर जगणारें जनावर आहे. टॉरीन नांवाचें द्रव्य त्याला मांस-मासळींतूनच पुरेसें मिळतें. तें न मिळाल्यास दृष्टि मंदावते व हृदय दुबळें होतें, असें १९७५ नंतरच्या संशोधनानें दाखवून दिलें. शिवाय मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचतही नाहीं. दूध-पोळीवर जगणारीं मांजरें उंदीर, पाली, चिमण्या मारून उणीव भरून काढीत असत. बंद खोलींतल्या मांजराला ती सोय नाहीं.

आई नसलेल्या पिलांची सेवा सर्वांत कष्टाची. मांजराच्या नवजात पिलाला दर दोन-तीन तासांनीं, रात्रींसुद्धां, पाजावें लागतें. गार पडलेल्या पिलाला आधीं ऊब द्यावयाची, दूध नंतर. थंड शरीरांत दूध पचत नाहीं. पाजतांना तें मनुष्याच्या बाळासारखें उताणें धरूं नये, पोटावर ठेवावें. नाहीं तर दूध फुप्फुसांत शिरतें. पाजून झाल्यावर ओल्या कापसानें हलकेंच पुसून त्याला लघवी व शौच करवावें लागतें, कारण एरव्हीं हें काम आईची जीभ करीत असते. रोज वजन करून वहींत मांडतात; एक दिवस वजन वाढलें नाहीं तर लगेच वैद्याला बोलावतात. एवढे श्रम घेऊनही सर्व पिलें जगत नाहींत. म्हणूनच जिन्याखालीं एकटीं दिसणारीं पिलें लगेच उचलूं नयेत. तीं उबदार व शांत असतील, तर आई बहुधा अन्न शोधावयास गेलेली असते. दुरून कांहीं तास लक्ष ठेवावें. आईचें दूध व ऊब यांची बरोबरी कोणतेंही आश्रयगृह करूं शकत नाहीं.

शरीराइतकीच मनाचीही निगा लागते. कुत्र्याच्या पिलांत साधारण तिसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत, आणि मांजरांत दुसऱ्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत, माणसाची ओळख सहज होते. तो काळ पिंजऱ्यांत फुकट गेला तर जन्माचा बुजरेपणा जडतो; म्हणून सेवकांनीं रोज थोडा वेळ पिलें हाताळावीं असा नियम असतो. मोठ्या मांजराला हवी असते लपण्याची जागा. नेदरलंडमधील उत्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१४ सालीं आश्रयगृहांतील एकोणीस मांजरांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांना लपावयास खोकें दिलें होतें तीं मांजरें इतरांपेक्षां लवकर शांत झालीं. एका रिकाम्या खोक्यानें जें साधतें, तें पुष्कळदां कुरवाळण्यानेंही साधत नाहीं.

या सर्व कामावर एका रोगाची सावली सदैव असते. तो म्हणजे पिसाळणें, अर्थात् रेबीज. जगांत या रोगानें होणाऱ्या मृत्यूंपैकीं सुमारें ३६ टक्के भारतांत होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लक्षणें उमटल्यावर मनुष्य वांचणें जवळजवळ अशक्य. उलट वेळीं उपाय केल्यास हा रोग पूर्णपणें टळतो, आणि हें ज्ञान १८८५ त लुई पाश्चर यांनीं एका चावलेल्या मुलाला लस टोंचल्यापासून जगाला आहे. आश्रयगृहांतील सेवक आधींच लस घेऊन ठेवतात. तरीही चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम पंधरा मिनिटें साबणानें व वाहत्या पाण्यानें धुऊन तत्काळ रुग्णालयांत जातात. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात. तितके दिवस तो धडधाकट राहिला, तर चाव्याच्या वेळीं त्याच्या लाळेंत रोग नव्हता असें ठरतें. लस मात्र त्या निकालाची वाट पाहत लांबवावयाची नसते.

दारांतून आंत येणाऱ्यांपेक्षां बाहेर जाणाऱ्यांची संख्या कमी पडूं लागली, म्हणजे आश्रयगृहाची खरी परीक्षा होते. भारतांत २००१ च्या व त्यांच्या जागीं आलेल्या २०२३ च्या नियमांप्रमाणें रस्त्यावरील कुत्र्याची नसबंदी करून व लस टोंचून, खुणेसाठीं कानाला छेद देऊन, त्याला मूळ जागींच सोडतात. २०२५ च्या ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयानें पिसाळलेलीं व आक्रमक कुत्रीं वगळून हाच मार्ग मान्य केला. नोव्हेंबरमध्यें मात्र शाळा, रुग्णालयें, रेल्वे स्थानकें यांच्या आवारांतील कुत्रीं पुन्हां तेथें न सोडतां आश्रयगृहांत ठेवण्याचा आदेश दिला. जागा तितकीच आणि जनावरें वाढतीं, अशा वेळीं कोणालाही नकार न देणारी संस्था दयाळू दिसते. पण चारांच्या खोलींत दहा कोंबलीं कीं भांडणें, जखमा व रोग यांनीं तीं दहाही हालांत पडतात. नकार देणें, वाट पाहावयास सांगणें, आणि असाध्य वेदनांनीं तळमळणाऱ्या जनावराला वैद्याच्या हातून शांत मृत्यु देणें, हे निर्णय चालकांना घ्यावे लागतात. ते घेणाऱ्यांची झोंप त्या रात्रीं सुखाची नसते.

यावरून शहरांतील कुटुंबांना काय करतां येईल हें उघड आहे. ज्याला एक जनावर घरीं ठेवून घेतां येतें, तो दोन जीव वांचवितो. घरीं नेलेला एक, आणि रिकाम्या झालेल्या खोलींत येणारा दुसरा. ज्याला तेंही जमत नाहीं, त्यानें आपल्या दारांतल्या कुत्र्याची व मांजराची नसबंदी आणि लस यांची व्यवस्था करावी, जुन्या चादरी व वर्तमानपत्रें पोंचवावीं, किंवा आठवड्यांतून एक सकाळ देऊन भांडीं घांसावीं. आश्रयगृहांत सेवकांना सर्वांत अधिक उणीव भासते ती याच कामाच्या हातांची.