कान कोरण्याची हौस

परवा एक आजी तीन महिन्यांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. मालिशवालीने बाळाच्या दोन्ही कानांत तेल सोडले होते आणि आजींनी ते कापसाच्या काडीने टिपून काढण्याचा प्रयत्न केला होता. "डॉक्टरसाहेब, कान स्वच्छ ठेवायला नकोत का?" हा त्यांचा प्रश्न. मी त्यांच्यावर रागावलो नाही. तो अधिकार मी २००३ सालीच गमावला आहे.

माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. आंघोळीनंतर तिला मांडीवर घेऊन मी तिचा कान अशाच काडीने पुसत होतो. दाराची घंटा वाजली आणि तिने मान वळवली. किंकाळी ऐकून पत्नी धावत आली तेव्हा काडीच्या टोकाला रक्त लागले होते. कानाच्या पडद्याला भोक पडले होते. कान-नाक-घसातज्ज्ञ मित्राने कान कोरडा ठेवण्यास सांगितले. दोन महिन्यांनी पडदा आपोआप भरून आला. ते दोन महिने तिला न्हाऊ घालताना पत्नी माझ्याकडे ज्या नजरेने पाही, तिचे वर्णन न केलेले बरे.

वस्तुतः 'मळ' हा शब्दच अन्यायकारक आहे. कर्णनलिकेच्या बाहेरील एक-तृतीयांश भागातील ग्रंथींचे स्राव आणि मृत त्वचा यांपासून हे मेण बनते. ते किंचित आम्लधर्मी असते, त्वचेला वंगण पुरवते, धूळ व जंतू अडवते. नलिकेची त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने सावकाश सरकत असते. त्यात चावताना होणाऱ्या जबड्याच्या हालचालीची भर पडते आणि जुने मेण आपसूक बाहेर येते. आपण काडी घालतो तेव्हा थोडे मेण कापसाला लागते, उरलेले आत ठासले जाते. काडी, केसांचा आकडा, सेफ्टी पिन, सर्वांची करणी एकच. कानात मेणबत्ती लावण्याचे खूळही निघाले आहे. त्याने मळ निघत नाही, भाजते मात्र.

आंघोळीनंतर कानाची पाळी व बाहेरचा भाग ओल्या मऊ फडक्याने पुसावा, इतकेच पुरे.

मूल हाक ऐकत नसेल, कानाला दडा बसल्याचे सांगत असेल, तर मात्र आधी कान तपासून घ्यावा. सर्दीनंतर लहान मुलांना कमी ऐकू येते ते पुष्कळदा पडद्यामागे साचलेल्या द्रवामुळे. तेथे थेंबांचा उपयोग नाही. मेणाचेच बूच असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ऑलिव्ह तेलाचे किंवा सोडियम बायकार्बोनेटचे थेंब तीन ते पाच दिवस घालावेत. बाटली आधी मुठीत धरून कोमट करावी, कारण गार थेंबांनी चक्कर येते. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल किंवा नळी बसवलेली असेल, तर घरी काहीही घालू नये. पिचकारीचे काम डॉक्टरांवरच सोडावे. मुलाने कानात चवळी-वाटाणा घातला असल्यास पाण्याने तो फुगतो. आणि घड्याळातील गोल सेल असेल, तर एक तासही न दवडता रुग्णालय गाठावे.

आजींच्या नातवाचे पडदे शाबूत होते. निघताना त्या म्हणाल्या, "पण मालिशवाली माझे ऐकायची नाही. तिला काय सांगू?"

"सांगा," मी म्हणालो, "आमच्या डॉक्टरांनी स्वतःच्या मुलीचा कान फोडला होता."