‘बेड नाही’ म्हटलं, तर जबाब कोणाला विचारायचा?

सरकारी दवाखान्यात बेड मिळाला नाही, औषध बाहेरून आणायला सांगितलं, की आपला सगळा राग समोरच्या डॉक्टरवर किंवा सिस्टरवर निघतो. पण बेड किती, औषधांचा साठा किती, रात्री ड्युटीवर कोण, हे त्यांच्या हातात नसतं. ते पाहणं वरच्या खुर्चीतल्या अधिकाऱ्याचं काम आहे. त्या खुर्चीकडून काय अपेक्षित आहे, हे सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्येच सांगून ठेवलं आहे.

८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर मथुरापूर स्टेशनवर रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार लागला. प्राथमिक आरोग्य केंद्राने पुढे पाठवलं आणि मग कोलकात्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत लावलं. कुठे बेड रिकामा नव्हता, कुठे उपचाराची सोय नव्हती. शेवटी त्याला खासगी रुग्णालयात न्यावं लागलं आणि सुमारे १७ हजार रुपये खर्च आला.

‘पश्चिम बंग खेत मजदूर समिती’च्या या खटल्यात ६ मे १९९६ रोजी निकाल लागला. तातडीचा उपचार न देणं म्हणजे राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असं कोर्टाने ठरवलं. राज्य सरकारला २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली. पैसा नाही ही सबब चालणार नाही, हेही स्पष्ट केलं.

या प्रकरणात चौकशी समिती नेमली गेली होती आणि तिच्या शिफारशींवरून बंगाल सरकारने रुग्णालयांना सूचना दिल्या. आलेल्या प्रत्येक रुग्णाचं नाव, वेळ, आजार आणि त्याला कुठे पाठवलं याची नोंद झालीच पाहिजे. बेड भरले असतील तर अधीक्षकांनी दुसऱ्या वॉर्डातले बेड वापरायची व्यवस्था करावी आणि दर आठवड्याला बैठक घेऊन आढावा घ्यावा. म्हणजे ‘बेड नाही’ इतकं सांगून अधिकाऱ्याची जबाबदारी संपत नाही.

आपल्या महाराष्ट्रात ही खुर्ची कोणाची? ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक, जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सक, सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात अधिष्ठाता म्हणजे डीन. गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांवर जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याची देखरेख असते.

चूक वर असली तरी शिक्षा बहुतेक वेळा खाली घसरते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं दगावली. सरकारने जिल्हा शल्यचिकित्सकांसह काही जणांना निलंबित केलं, पण पुढे पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो दोन परिचारिकांवर. इमारतीची आगीपासून सुरक्षा पाहणं परिचारिकांचं काम होतं का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला.

म्हणून आपण प्रश्न योग्य जागी आणि लेखी विचारायला हवा. रुग्णाला दुसरीकडे पाठवत असतील तर चिठ्ठीवर कारण आणि वेळ लिहून मागा. तक्रार अधीक्षक किंवा शल्यचिकित्सकांच्या नावाने द्या आणि पोच घ्या. माहिती अधिकार कायदा २००५ खाली १० रुपयांच्या अर्जावर औषधसाठा, मंजूर आणि रिकामी पदं, त्या रात्रीची ड्युटी यादी मागता येते. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी नाही. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. माहिती कोणाच्या जिवाशी संबंधित असेल तर ४८ तासांत. नाहीच आलं, तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील आणि त्यानंतर राज्य माहिती आयोग.

हात उचलणं मात्र टाळा. २०१० च्या राज्य कायद्यानुसार रुग्णालयात मारहाण किंवा तोडफोड केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मग तक्रारदारच आरोपी होतो आणि खुर्चीतल्या माणसाला विचारायचा प्रश्न बाजूला राहतो. मोहल्ल्यातल्या चार शिकलेल्या मुलांनी अर्ज लिहून द्यायची जबाबदारी घेतली, तरी अनेक घरांना आधार मिळेल.