हळदी-कुंकू बदक : पाहुणं नव्हे, घरचंच
(ऊस विकास विभागाकडून)



दिवाळीनंतर उजनीच्या फुगवट्यावर पाखरांची वर्दळ सुरू होते आणि रोहित पाहायला भिगवणकडे पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात. त्यामुळे आपल्याकडे एक समज पक्का झाला आहे, की पाण्यावर दिसणारं प्रत्येक बदक बाहेरदेशी आणि उन्हाळा लागला की परत जाणारं. थापट्या, तलवार बदक यांच्या बाबतीत ते खरंच आहे. पण एप्रिल-मेमध्ये ज्या तलावात पाणी टिकून असतं, तिथं जोडीनं फिरणारं मोठं तपकिरी बदक कुठूनही आलेलं नसतं. ते इथलंच. त्याचं नाव हळदी-कुंकू बदक.

हे नाव ठेवणारी एखादी माउलीच असणार. चोच काळी, तिचं टोक हळदीसारखं पिवळंधमक, आणि चोच कपाळाला मिळते तिथं दोन्ही अंगांना कुंकवाचे लाल ठिपके. मादीचे ठिपके बारीक असतात, कधी दिसतच नाहीत. म्हणून नुसत्या कुंकवावर विसंबू नये, हळद पाहावी. बाकी नर-मादीत फारसा फरक नाही. लांबी साधारण दोन फूट, वजन पाऊण ते दीड किलो. अंगावरच्या तपकिरी पिसांना फिकट कड असल्यानं अंग खवल्याखवल्याचं वाटतं. डोळ्यावरून काळी रेघ, पाय नारिंगी-लाल. बसलेलं असताना पाठीच्या मागच्या बाजूला पांढरा पट्टा उठून दिसतो आणि उडालं की पंखात हिरवी चमक. आवाज पाळलेल्या बदकासारखाच, ‘क्वॅक क्वॅक’.

अडई याहून बरीच लहान, तांबूस, आणि उडताना शीळ घालते. वारकरी काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा. पण तो मुळात बदकच नव्हे, पाणकोंबडीच्या कुळातला आहे.

हे बदक चरताना बुडी मारत नाही. डोकं-मान पाण्यात आणि शेपटी वर, असं उलटं होऊन पाणगवताचं बी, कोंब, मधूनच किडे-गोगलगाई खातं. म्हणजे त्याला पाणी खोल नको, उथळ काठ हवा आणि काठाला लव्हाळा, पाणकणीस हवं. पाझर तलाव, गावतळं, ओढ्यावरचा जुना बंधारा ही त्याची जागा. पाणी आटलं की शेजारच्या मोठ्या तलावावर सरकतं, पाऊस झाला की परत येतं. प्लॅस्टिकचा कागद घातलेलं शेततळं त्याच्या काही कामाचं नाही. उलट चुकून पिल्लं आत पडली तर त्या गुळगुळीत उतारावरून त्यांना वर चढता येत नाही. कडेला एखादं तरटाचं पोतं किंवा जाळी बांधून पाण्यात सोडली तर खर्च काय येणार आहे?

उसाचं नुकसान करतं का, असं गटात फिरताना सभासद विचारतात. नाही. भाताच्या खाचरात उतरलं तर थोडीफार तुडवातुडव होते, पण उसाला त्याचा काडीचाही त्रास नाही. त्रास आहे तो आपला त्याला.

पाऊस लागला की मादी पाण्याजवळच्या दाट गवतात जमिनीवरच घरटं करते. सहा ते बारा अंडी घालते. सुमारे २४ दिवस ती एकटीच उबवते, आणि जाग्यावर अशी दबून बसते की पाय पडेपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही. नेमके हेच दिवस आपण बांध साफ करण्यात, गवत कापण्यात घालवतो. हल्ली तर विळ्याऐवजी तणनाशकाचा पंप असतो. पिल्लं अंड्यातून निघाली की लगेचच आईमागं पाण्यात जातात, पण ते २४ दिवस तेवढं गवत उभं राहिलं पाहिजे. अंडी सापडली म्हणून कोंबडीखाली ठेवण्याची हौस काहींना असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं हीसुद्धा शिकारच धरलेली आहे, हे माहीत असावं.

आणखी एक. फोरेट, म्हणजे आपण ज्याला थायमेट म्हणत आलो ते दाणेदार औषध, ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. गोठ्याच्या माळ्यावर एखादी जुनी पिशवी उरली असेल तर ती वापरू नका आणि ओढ्यात तर मुळीच झटकू नका. ही बदकं चोचीनं चिखल गाळून खातात. बी समजून तो दाणा पोटात गेला की संपलं. शिवाय ओढ्याचं तेच पाणी पुढं आपली जनावरं पितात.

ज्यांची जमीन तळ्याला किंवा बंधाऱ्याला लागून आहे त्यांनी पाण्याच्या अंगाचा दहा-बारा फुटांचा पट्टा दिवाळीपर्यंत न कापता ठेवावा. वैरण लागलीच तर बाकीचा बांध आहेच. पिल्लांसह जोडी दिसल्यास तारीख, तळ्याचं नाव आणि पिल्लांची संख्या आपल्या गट ऑफिसात स्लिपबॉयकडे सांगावी. विभागात वही घातली आहे.

— ऊस विकास अधिकारी