गळणारे तेल
वसईच्या वाड्यांतून भाजी, केळी व फुले घेऊन पहाटे मुंबईस निघणाऱ्या डिझेल पिकअपखाली काळा डाग दिसला, तर वरून तेल ओतून वेळ निभावणे हा खरा उपाय नव्हे. फिरत्या भागांमधील तेलाचा पातळ थर तुटला की धातूवर धातू घासते. म्हणून प्रथम गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. पातळी खालच्या खुणेखाली असल्यास गाडी हलवू नये.

तेल ठिबकते तेथेच गळती असते, असे मात्र नाही. ते वाऱ्याने मागे आणि उताराने खाली सरकते. थंड इंजिन पुसून कोरडे करावे, थोडा वेळ चालवावे आणि ओल्या जागांपैकी सर्वांत वरची शोधावी. तेथे बहुधा झाकणाचे पॅकिंग, फिल्टर किंवा क्रँकचे सील दोषी आढळते. खाऱ्या हवेने पत्र्याचे चेंबरही गंजते.

सील बदलण्यापूर्वी ब्रीदरची नळी तपासणे अगत्याचे आहे. पिस्टनच्या कडेने निसटलेला वायू या नळीवाटे बाहेर पडतो; ती तुंबली, तर तोच दाब नव्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो.

हे नुकसान गाडीपुरते राहत नाही. पावसाचे पाणी सांडलेले तेल विहिरीत आणि बावखलात नेते, आणि त्याच पाण्यावर वाडी जगते. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचरा ठरते. ते झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडेच द्यावे.