हौशींची सभा

नोकरीधंदा सांभाळून रात्री आकाश बघणाऱ्यांनी कुठे जायचं? १८९० मध्ये डब्लिनच्या विल्यम माँक यांनी एका इंग्रजी साप्ताहिकात पत्र लिहून हौशींसाठी वेगळी संस्था हवी असं सुचवलं आणि त्याच वर्षी लंडनमध्ये ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन उभी राहिली. इथे पहिल्यापासून बायकांनाही सभासद होता आलं. प्रतिष्ठित रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यासाठी १९१६ उजाडू दिलं!

असोसिएशनचं काम विभागून चालतं: सूर्य, चंद्र, धूमकेतू, रूपविकारी तारे. रूपविकारी ताऱ्यांचं तेज कमी-जास्त होतं. निरीक्षक शेजारच्या दोन स्थिर ताऱ्यांशी ताडून अंदाज बांधतो, वेळेसह वहीत टिपतो. साधी दुर्बीणही पुरते. चिकाटी मात्र वर्षानुवर्षांची लागते.

या मंडळींचा आपल्याकडचा फेरा फारसा कुणाला ठाऊक नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी त्यांची एक तुकडी विदर्भातल्या तळणीला उतरली होती. तुकडीतल्या अ‍ॅनी माँडर यांनी तिथे लहानशा भिंगाच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलातला एक लांबलचक झोत टिपला. त्या हौशी म्हणूनच आल्या होत्या; लग्न झाल्यावर ग्रिनिचच्या वेधशाळेतली नोकरी त्यांना सोडावी लागली होती.